चिंचोका पांढरा पडण्याची शक्यता किती?

दहावीच्या गणित भाग १ मधलं पाचवं प्रकरण संभाव्यतेचं. मुलांच्या लेखी ते हक्काच्या मार्कांचं प्रकरण. नमुना अवकाश, म्हणजे घडू शकणाऱ्या सगळ्या शक्यतांची यादी, लिहायचा, त्यातले घटक मोजायचे, हव्या त्या घटनेतले घटक मोजायचे, भागाकार मांडायचा, झालं. वर्गसमीकरण दिसलं की अंग चोरणारी मुलंही इथे पैकीच्या पैकी घेतात. आणि हेच प्रकरण शिकवून झाल्यावर “नाणं शंभर वेळा उडवलं तर छापे किती पडतील?” असं विचारलं, की दरवर्षी सगळ्या बाकांवरून एकच उत्तर येतं. पन्नास. “नक्की?” “नक्की, मॅडम.” त्यांतल्या बहुतेकांनी नाणं शंभर वेळा कधी उडवलेलं नसतं.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. ते “नक्की” मला बरीच वर्षं टोचत होतं. म्हणून मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हे प्रकरण फळ्यावर सुरू करायचंच नाही असं ठरवलं. आधी हातानं करायचं, मोजायचं, आणि सूत्र त्यानंतर. हेडसरांना सांगून ठेवलं, की आठवड्यातून एखाद्या तासाला वर्गातून आवाज येईल.

सुरुवात नाण्यानं. दोघांची जोडी, एकानं उडवायचं, दुसऱ्यानं वहीत ताळ्याच्या खुणा करायच्या, पन्नास झाले की अदलाबदल. नाणी बाकांखाली घरंगळतात आणि निम्मा तास ती शोधण्यात जातो, म्हणून प्रत्येक जोडीला बुटाच्या खोक्याचं झाकण दिलं. नाणं डोक्याच्या उंचीपर्यंत गेलं पाहिजे, झाकणात पडलं पाहिजे, बाहेर पडलं तर ती फेक बाद. हा नियम आधी ठरवणं फार गरजेचं असतं. नाही तर “बाहेर पडलं पण छापा होता, धरू का?” असले सौदे सुरू होतात, आणि मनाजोगती फेक धरायची, नको ती सोडायची, हे नकळत होत राहतं.

फळ्यावर शून्य ते शंभर अशी संख्यारेषा काढली आणि प्रत्येक जोडीनं आपल्या छाप्यांच्या संख्येवर खडूनं टिंब दिलं. बरोब्बर पन्नासवर एक-दोन टिंबं पडली, बाकी सगळी आजूबाजूला. कुणाचे सत्तेचाळीस, कुणाचे चोपन्न, एका जोडीचे एक्केचाळीस. त्या जोडीतला मुलगा उभाच राहिला. “मॅडम, आमचं नाणं खोटं हाय.” शेजारच्या जोडीचे सत्तावन्न आले होते. ती गप्प होती, कारण जास्त छापे येणं म्हणजे जिंकणं अशी तिची समजूत होती.

सिद्धांत आणि प्रयोग यांचं नातं या टिंबांमध्ये आहे, आणि पुस्तकातल्या भागाकारात ते दिसत नाही. छाप्याची संभाव्यता १/२ हे खरं. पण शंभर फेकींत बरोब्बर पन्नास छापे येण्याची संभाव्यता काढली, तर ती जेमतेम ८ टक्के भरते. पन्नासच्या आसपास येणार हे जवळजवळ ठरलेलं, पन्नासच येणार हे मात्र दुर्मीळ. हे मी सूत्रानं सांगितलं असतं तर कुणी मान वर केली नसती. टिंबं समोर होती, म्हणून प्रश्न त्यांच्याकडूनच आला: मग किती इकडेतिकडे चालतं?

त्यासाठी मी त्यांना वर्गमुळाची पट्टी दिली. प्रमाण विचलन वगैरे दहावीच्या अभ्यासक्रमाबाहेरचं, पण वर्गमूळ सगळ्यांना येतं. जितक्या फेकी, त्यांचं वर्गमूळ काढायचं. अपेक्षित संख्येच्या दोन्ही बाजूंना तेवढं अंतर सोडायचं. नाणं सरळ असेल तर शंभरपैकी सुमारे पंच्याण्णव वेळा उत्तर त्या पट्ट्यात पडतं. शंभर फेकी, वर्गमूळ दहा, म्हणजे चाळीस ते साठ. एक्केचाळीसवाला मुलगा हिशोब करून खाली बसला. त्याचं नाणं पट्टीत होतं.

पुढे जे जे केलं त्यात ही पट्टी हातात होती, आणि मला विचाराल तर ती सूत्राइतकीच महत्त्वाची आहे. कागदावरचा अपूर्णांक आणि हातानं मोजलेला अपूर्णांक तंतोतंत जुळणार नाहीत हे सांगून भागत नाही. किती फरक पडला तर सोडून द्यायचा आणि किती पडला तर थांबून विचार करायचा, हे सांगता आलं पाहिजे.

आणखी शंभर फेकी घरून करून आणायला सांगितल्या, या वेळी ओळीनं लिहून: छापा, काटा, काटा, छापा... दुसऱ्या दिवशी कागद आले. त्यांतले काही घरी बसून मनानंच लिहिलेले आहेत हे वाचताना लगेच कळत होतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण ते कसं कळतं हे सगळ्यांना दाखवलं. मनानं लिहिणारा माणूस सलग तीन-चार काटे लिहिले की घाबरतो आणि छापा लिहून टाकतो. खऱ्या नाण्याला ती भीती नसते. शंभर फेकींत कुठे तरी सलग सहा वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा सबंध कागदावर चारच्या पुढे एकही रांग नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. मुलांनी एकमेकांचे कागद घेऊन लांब रांगा शोधल्या, लाल पेनानं अधोरेखित केल्या. सगळ्यात लांब रांग नऊ काट्यांची निघाली. ती ज्या मुलीच्या कागदावर होती तिला आईनं म्हणे घरीच विचारलं होतं, “अगं, बघून लिही की, असं कुठं असतंय?”

त्याच कागदांवरून आणखी एक गोष्ट तपासून घेतली. “सलग तीन काटे पडले, आता छापा पडायलाच पाहिजे” हे वर्गातल्या जवळपास सगळ्यांना पटलेलं होतं. मी वाद घातला नाही. खऱ्या फेकींच्या कागदांवर जिथे जिथे सलग तीन काटे आहेत, त्यांच्या पुढची फेक काय आहे एवढंच मोजायला लावलं. निम्मे छापे, निम्मे काटे, थोडं इकडेतिकडे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा या प्रकरणाशी तोवर संबंध आलेला नव्हता, तो म्हणाला, “म्हंजे नाण्याला मागचं काय ध्यानातच न्हाई.” याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

मग हळूहळू सारखं होतं ते कसं? नाण्याला आठवण नसेल तर हजारो फेकींनंतर १/२ कुठून येतं? इथे मी त्यांना जॉन केरिच या गणितज्ञाची हकिकत सांगितली. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे केरिच १९४० मध्ये डेन्मार्कला गेलेले असताना जर्मन सैन्य तिथे घुसलं आणि ते स्थानबद्धतेच्या छावणीत अडकले. त्या बंदिवासात त्यांनी एका सोबत्याला घेऊन नाणं १०,००० वेळा उडवलं आणि प्रत्येक फेक नोंदवली. पहिल्या १०० फेकींत छापे ४४ होते. १,००० फेकींअखेर ५०२. आणि १०,००० पूर्ण झाल्या तेव्हा ५,०६७.

हे तीन आकडे फळ्यावर लिहून मी विचारलं, अपेक्षेपासूनचं अंतर कमी होत गेलं की वाढत? शंभरला अंतर सहाचं, हजारला दोनचं, दहा हजारला सदुसष्टचं. म्हणजे संख्येतलं अंतर शेवटी वाढलेलंच आहे. पण प्रमाण बघा: ०.४४, मग ०.५०२, मग ०.५०६७. सुरुवातीला कमी पडलेले छापे नाणं नंतर भरून देत बसत नाही. पुढच्या ढीगभर फेकींमध्ये ते सुरुवातीचं अंतर नगण्य होऊन जातं. पट्टीही हेच सांगते. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणजे शंभर छाप्यांपर्यंत इकडेतिकडे चालेल, पण दहा हजारांत शंभर म्हणजे एकच टक्का. शंभर फेकींत दहा म्हणजे दहा टक्के होते. फेकी वाढल्या की प्रमाण सैद्धांतिक संभाव्यतेजवळ येत जातं हा नियम याकोब बर्नुलीनं सिद्ध केला, तो त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापला गेला. तीनशे वर्षांपूर्वीचं ते गणित आमच्या फळ्यावर तीन ओळींत दिसत होतं.

दोन नाण्यांचा प्रयोग मी मुद्दाम एक-एक रुपयाच्या दोन सारख्या नाण्यांनी सुरू केला. निष्पत्ती, म्हणजे घडू शकणारे वेगवेगळे निकाल, किती? वर्गाचं म्हणणं तीन: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. म्हणजे प्रत्येकी १/३. फ्रान्सचा दालांबेर हा मोठा गणितज्ञसुद्धा अठराव्या शतकात असंच मांडून बसला होता, त्यामुळे मुलांना नावं ठेवायचं काही कारण नाही. ताळ्याच्या खुणा वाढत गेल्या तसा ‘एक-एक’चा रकाना बाकीच्या दोघांना मागे टाकू लागला. सगळ्या वर्गाची बेरीज केली तेव्हा तो निम्म्यावर आला होता. मग एक नाणं पाच रुपयांचं आणि एक दहाचं घेतलं. पाचावर छापा दहावर काटा, आणि पाचावर काटा दहावर छापा, हे वेगळे आहेत हे आता कुणाला सांगावं लागलं नाही. निष्पत्ती चार. इथे सिद्धांत कुठे चुकतोय हे प्रयोगानं दाखवलं, आणि असं का होतंय हे सांगायला पुन्हा सिद्धांतच लागला.

फाशांवर जास्त वेळ घालवला नाही. बाजारातले प्लॅस्टिकचे फासे, सहा बाजू, सगळं पट्टीत बसलं. एवढंच सांगितलं, की पट्टीत बसलं म्हणजे फासा निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही, आपल्या फेकी दोष दिसायला कमी पडल्या असंही असू शकतं. इंग्लंडमधल्या वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाची १८९४ सालची नोंद आहे: बारा फासे २६,३०६ वेळा टाकले, म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे पडले. त्यांत पाच किंवा सहा हे १,०५,२२४ वेळा यायला हवेत. आले १,०६,६०२ वेळा. ३,१५,६७२ चं वर्गमूळ ५६२ च्या आसपास आणि फरक तेराशेच्या पुढे, म्हणजे पट्टीच्या कितीतरी बाहेर. कारण असं सांगतात, की टिंबांसाठी फाशावर खड्डे कोरलेले असतात. पाच-सहाच्या बाजूला खड्डे जास्त, म्हणून ती बाजू किंचित हलकी आणि वर राहायला किंचित तयार. शंभर-दोनशे फेकींत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मला जो मुद्दा गाठायचा होता तो इथून पुढे. पुस्तकात ‘समसंभाव्य निष्पत्ती’ असे शब्द येतात. मुलं ते वाचतात, पाठ करतात आणि ओलांडून जातात. पण सगळा भागाकार त्या शब्दांवर उभा आहे. सगळ्या निष्पत्ती सारख्याच शक्यतेच्या असतील तरच घटक मोजून उत्तर मिळतं. आणि त्या तशा आहेत की नाहीत, हे पुस्तक सांगू शकत नाही. ती वस्तूच सांगते.

एका तासाला द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या मुलीला विचारलं, “आज रात्री पाऊस पडण्याची संभाव्यता किती?” डिसेंबर होता, बागेत मणी भरायला लागलेले. ती म्हणाली, “पडंल न्हाई तर न्हाई पडणार. दोन निष्पत्ती. १/२.” मग मी म्हटलं, “आणि जुलैत?” ती थांबली. “तेव्हाबी दोनच...” आणि हसून म्हणाली, “असं असतं तर पप्पांनी डिसेंबरात बाग धरलीच नसती.” डिसेंबरात रोज निम्मी शक्यता पावसाची असती तर तासगाव-मिरज भागात द्राक्ष टिकलंच नसतं. निष्पत्ती दोन असणं वेगळं आणि त्या समसंभाव्य असणं वेगळं. पावसासाठी नमुना अवकाशातले घटक मोजून चालत नाही, मागच्या अनेक वर्षांतले पावसाचे दिवस मोजावे लागतात. विम्याचे हप्तेसुद्धा असेच नोंदींवरून ठरतात.

पाऊस वर्गात आणता येत नाही. पण दोन बाजू असलेली आणि तरीही नाण्यासारखी सरळ नसलेली एखादी वस्तू हवी होती, आणि ती आमच्या शिपाईमामांनी दिली. वर्गातला खुळखुळाट ऐकून ते दारात उभे राहिले होते. “मॅडम, नाणी कशाला? आमी चिंचोक्यावर खेळायचो की. चल्लस आठ.” मुलांमधल्या दोघा-तिघांनी आजीकडे तो पट पाहिला होता, बाकीच्यांना नवाच. मामांनी खडूनं जमिनीवर पाच बाय पाचची घरं आखली, फुल्या मारल्या आणि नियम सांगितले. चिंचोका दगडावर घासून एका अंगानं पांढरा करायचा. चार चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढं. चारही पांढरे पडले तर चार. आणि एकही पांढरा नाही, सगळे काळे, तर आठ.

“सगळ्या काळ्याला आठ का वो मामा?” एका मुलीनं विचारलं. मामा म्हणाले, “ते लवकर पडतच न्हाई.”

मी तिथेच थांबवलं. चिंचोका नाण्यासारखा असता तर काय झालं असतं? चार नाणी, निष्पत्ती सोळा. चारही छापे १/१६, चारही काटे १/१६. अगदी बरोबरीचे. मग एकाला चार आणि दुसऱ्याला आठ देण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणजे एक तर मामांचं म्हणणं चूक, नाही तर चिंचोका नाण्यासारखा नाही. “कसं ठरवायचं?” मी विचारलं. आता कुणी सूत्राकडे गेलं नाही. “टाकून बघू.”

शाळेच्या मागे चिंचेचं झाड आहे. बाकीचे चिंचोके घरून आले, बऱ्याच जणांकडे ते डब्यात साठवलेलेच असतात. घासायचं काम व्हरांड्याच्या पायरीवर झालं. कुणी हलकं घासलं, कुणी निम्मा चिंचोका झिजवून टाकला. मी मुद्दामच सारखेपणाचा आग्रह धरला नाही. प्रत्येक चिंचोक्याला स्केचपेननं क्रमांक टाकला, प्रत्येक जोडीनं आपला एक चिंचोका शहाबादी फरशीवर पन्नास वेळा टाकायचा आणि पांढरा किती वेळा वर आला ते लिहायचं.

चिंचोका हातात धरून नीट पाहिला की कळतं, त्याचा नमुना अवकाश लिहिता येतो पण भागाकार करता येत नाही. पांढरी बाजू सपाट, तपकिरी बाजू फुगीर, कडा चौकोनाच्या आसपासच्या पण एकही धड सरळ नाही. फुगीर बाजूवर पडला की तो डुगडुगतो आणि मग स्थिरावतो. सपाट बाजूवर पडला तर खट्ट आवाज करून बसतो. यातली कुठली गोष्ट जास्त वेळा होईल हे नुसतं बघून सांगता येत नाही.

वर्गाची सगळी बेरीज हजाराच्या पुढे गेली तेव्हा पांढरे दर शंभरात साठच्या आगेमागे निघाले. हजाराचं वर्गमूळ बत्तीसच्या आसपास. चिंचोका सरळ असता तर हजारात पाचशेच्या वरखाली बत्तीसपर्यंत चाललं असतं. इथे शंभराचा फरक होता. पट्टीच्या पार बाहेर. एक्केचाळीस छापेवाला मुलगाच पुढे येऊन म्हणाला, “मॅडम, ह्यो मात्र खरंच खोटा हाय.” खोटा नव्हे, त्याची संभाव्यता वेगळी आहे, एवढंच मी सुधारलं.

मग सुट्या चिंचोक्यांचा प्रश्न आला. एका जोडीचे पन्नासात सदतीस पांढरे, दुसरीचे पंचवीसच. हे चिंचोके एकमेकांपेक्षा वेगळे की नुसता योगायोग? साठ टक्के धरले तर पन्नासात तीस अपेक्षित, पट्टी सातची, म्हणजे तेवीस ते सदतीस. दोन्ही आतच, एक तर अगदी कडेवर. तेव्हा अशा टोकाच्या चार-पाच चिंचोक्यांना पुन्हा टाकलं, या वेळी जास्त वेळा. बहुतेक सगळे मधल्या आकड्यांकडे सरकले. पहिल्या वेळचं टोक नुसत्या योगायोगानं आलेलं होतं. एक मात्र जागचा हलला नाही, दोन्ही वेळा निम्म्याच्या आसपास. हातात घेऊन पाहिला तर तो सगळ्यात जास्त घासलेला, फुगीर बाजूही झिजून जवळपास चपटी झालेली. चिंचोका पत्र्याच्या तुकड्यासारखा सपाट होत गेला की तो नाण्यासारखा वागणार, हे मुलांनी त्याच्याकडे बघूनच ताडलं.

आमच्या मराठीच्या मॅडम तेव्हा वर्गात बसल्या होत्या. त्यांनी वनपर्वातलं नलोपाख्यान काढलं. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नलाला ते पटत नाही. तो रथ थांबवून झाड पाडतो आणि मोजून बघतो. संख्या जुळते तेव्हाच तो ऋतुपर्णाकडे ती विद्या मागतो, आणि ती विद्या फाशांचीच असते. मुलांना हे फार आवडलं. नलानं ऐकीव मानलं नाही, मोजलं, आणि मोजल्यावर शिकायला तयार झाला, हे मलाही आवडलं.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. एका चिंचोक्याची संभाव्यता प्रयोगानं मिळाली, दहात सहा. चार चिंचोक्यांचं काय होईल ते न टाकता सांगता येईल का? १०,००० डाव आहेत असं धरलं. पहिला चिंचोका पांढरा पडणार ६,००० डावांत. त्यातल्या दुसराही पांढरा ३,६०० मध्ये. तिसराही २,१६० मध्ये. चौथाही १,२९६ मध्ये. आता काळ्यांचं: ४,०००, मग १,६००, मग ६४०, मग २५६. म्हणजे सगळे पांढरे शंभरात तेराच्या आसपास, सगळे काळे शंभरात अडीचच्या जरा वर. पाच पटींचा फरक. मामा दारातूनच म्हणाले, “मग? सांगितलं की मगाशी.”

हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट केली, पुसायचे नाहीत म्हणून बजावलं, आणि मग गटागटानं चार-चार चिंचोके टाकायला बसलो. नेमका क्रम हाच हवा होता: आधी अंदाज लिहून ठेवायचा, नंतर टाकायचं. हजारभर डावांत सगळे पांढरे सव्वाशेच्या थोडे पुढे गेले आणि सगळे काळे तिशीच्या आतच राहिले. पाचवीत असल्यासारखा गलका झाला. एका चिंचोक्यावर हातानं मोजलेलं, त्यावरून कागदावर काढलेलं, आणि पुन्हा चार चिंचोक्यांवर हातानं मोजलेलं, तिन्ही एका रेषेत आले. नाण्याच्या वेळी सिद्धांत आधीच हातात होता आणि प्रयोग त्याची तपासणी करत होता. चिंचोक्याच्या वेळी पहिला आकडा प्रयोगानंच दिला, त्याच्याशिवाय सिद्धांताला सुरुवातच करता आली नसती. आणि सिद्धांताशिवाय, चार चिंचोक्यांचे डाव टाकत बसण्यापलीकडे हातात काही उरलं नसतं.

परीक्षेत काय लिहायचं, हा प्रश्न आलाच. बोर्डाच्या प्रश्नात नाणं आलं तर १/२ लिहायचं. फासा आला तर सहा निष्पत्ती समसंभाव्य धरायच्या. पण ‘धरायच्या’ हा शब्द वहीत एकदा लिहून ठेवा, असं मी सांगितलं. त्या वर्षी बऱ्याच मुलांनी उत्तराच्या पहिल्या ओळीत स्वतःहून लिहिलं, ‘नाणे समतोल आहे असे मानू’.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. काही गटांनी फरशीऐवजी पोतं अंथरून चिंचोके टाकले. पोत्यावर चिंचोका उसळत नाही, पडला तसा बसतो, आणि तिथे पांढऱ्यांचं प्रमाण शंभरामागे दोन-तीननं जास्त दिसलं. पण त्या फेकी थोड्या होत्या आणि फरक पट्टीच्या आतला होता, म्हणून वर्गानं एकमतानं ठरवलं की यावर दावा करायचा नाही. हजार फेकींची पट्टी शंभरामागे तीनची, तिच्यात दोन-तीनचा फरक सापडणार नाही. पाच हजार फेकींचं वर्गमूळ सत्तरच्या आसपास, म्हणजे पट्टी शंभरामागे दीडच्याही आत येते. तेव्हा यंदाच्या वर्गाला फरशीवर पाच हजार आणि पोत्यावर पाच हजार, तेच क्रमांक टाकलेले चिंचोके घेऊन, असं वाटून दिलं आहे. पोती मामांनी गावातल्या रेशन दुकानातून आणून ठेवली आहेत.